दोन लगेच, एक थांबून

काच फुटली ती सोमवारी, आणि फोडली रंगाऱ्यांनी. अंबरनाथ पश्चिमेच्या त्या सोसायटीला बारा वर्षांनी रंग द्यायचा ठरला, परांच्या बांधल्या, आणि परांचीचा एक बांबू वरून सुटला. पार्किंगमध्ये चौदा गाड्या उभ्या होत्या. पण नाही! बांबूला नेमकी दिनानाथराव कर्णिकांची फियाट सापडली. बरं, टपावर पडला असता तर पोचा आला असता, बॉनेटवर पडला असता तर रंग उडाला असता. तो तिरका आला आणि डाव्या पुढच्या दाराच्या काचेत घुसला. काचेचा बघता बघता साबुदाणा झाला आणि सगळा सीटवर सांडला.

कंत्राटदार धावत आला. "साहेब, बदलून देतो, शंभर टक्के बदलून देतो," असं चार वेळा म्हणाला. दिनानाथराव म्हणजे फॅक्टरीत चौतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात काढलेला माणूस. केसाएवढा फरक दिसला तर अख्खा लॉट परत पाठवणारा. आता ते शिव्या घालणार म्हणून रंगारी माना खाली घालून तयार उभे होते. पण ते काचेच्या कण्यांकडे बघत राहिले, मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेतीन झाले होते.

"पाचाला दीड तास राहिला," ते स्वतःशीच म्हणाले.

आता पाच वाजता काय असायचं, ते सांगायला हवं. नाहीतर एका जुन्या गाडीच्या काचेपायी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या तोंडचं पाणी का पळालं, ते कळायचं नाही.

फियाट सदुसष्ट सालची. दिनानाथरावांनी ती एक्क्याऐंशी साली कल्याणच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली, आणि त्यांच्या आधी चालवायला शिकली त्यांची बायको, कुमुदिनी. ती शाळेत गणित शिकवायची. शाळा सुटायची साडेचारला, फॅक्टरी पाचला. कुमुद शाळेतून गाडी घेऊन थेट फॅक्टरीच्या गेटसमोर यायची, पिंपळाखाली लावायची, मग स्टिअरिंगमागून डावीकडच्या सीटवर सरकायची. काचा वर करायची, कारण तेव्हा संध्याकाळी केमिकल कंपन्यांचा वास असा सुटायचा की डोळे चुरचुरायचे. आणि मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन तपासत बसायची. कॉलनीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. 'कर्णिकांची बायको गाडी हाणत नवऱ्याला न्यायला येते गं बाई!' कुमुदला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

सोयरसुतक होतं ते दिनानाथरावांना. ती रोज विचारायची, "अहो, मीच नेऊ का?" आणि हे रोज म्हणायचे, "इथून नको. चौक जाऊ दे, मग बघू." सगळी फॅक्टरी बघत असताना बायकोने आपल्याला गाडीत घालून न्यायचं, एवढी काही छाती नव्हती बघा साहेबांची. चौक गेल्यावर पुन्हा विषय निघायचा नाही.

गेटबाहेर आणखी एक ताप होता. शेंगदाणेवाले, लॉटरीवाले, येणारे-जाणारे, जो तो काचेवर टकटक करायचा. कुमुद वैतागली आणि म्हणाली, "तुम्ही वेगळं वाजवा. दोन लगेच, एक थांबून. बाकी कोणी किती का बडवेना, मी मान वर करणार नाही." तेव्हापासून दिनानाथराव डाव्या काचेवर अंगठीने वाजवायचे. टिण टिण... टिण. मग ती वहीतून मान वर करायची, हसायची, "अहो, किती उशीर!" म्हणायची आणि आडवी होऊन उजव्या दाराचा आतला खटका काढायची. पाच मिनिटं लवकर आले तरी "किती उशीर"च. रविवारी बाजारात मात्र उलटा कारभार. तिथे ओळखीचं कोणी नसायचं, म्हणून गाडी कुमुदच न्यायची. ती भाजीला उतरायची, हे डाव्या सीटवर पेपर वाचत बसायचे, आणि पिशव्या घेऊन ती परत आली की बांगडीने तसंच वाजवायची.

एकोणीस वर्षांपूर्वी दिनानाथराव निवृत्त झाले. फॅक्टरीचं गेट सुटलं, वाजवणंही सुटलं.

आणि गेल्या तीन वर्षांत कुमुद विसरायला लागली. आधी विद्यार्थ्यांची नावं, मग गॅसवरचं दूध, मग आपला मजला कोणता ते. डॉक्टर म्हणाले, औषधाने उतार थोडा हळू होईल, गेलेलं परत येणार नाही. गेल्या दिवाळीत फराळाचं ताट पुढे करून ती दिनानाथरावांना म्हणाली, "घ्या ना काका. तुम्ही कोणाकडे उतरला आहात?"

एकावन्न वर्षांच्या संसारानंतर काका! तेही किती गोड आवाजात, किती अदबीने. चिडली असती, वेड्यासारखं काही बोलली असती तर एक वेळ सोसलं असतं. दिनानाथरावांनी चकली घेतली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ती दिवसभर बघायला ठेवलेल्या विठाबाईंना म्हणाली, "फॅक्टरी सुटायची वेळ झाली. मला गाडीत जाऊन बसायचंय." विठाबाई चामटोलीच्या, नातवंडं खेळवलेली बाई, असल्या हट्टाला नाही म्हणायचं नसतं हे त्यांना ठाऊक. त्यांनी कुमुदला खाली नेऊन फियाटमध्ये बसवलं. दिनानाथराव औषधं घेऊन बाहेरून येत होते. त्यांनी बघितलं तर कुमुद डाव्या सीटवर, काच वर, मान खाली, मांडीवर जुनी कसलीशी वही. त्यांचा हात आपोआप गेला. टिण टिण... टिण.

कुमुदने मान वर केली. "अहो, किती उशीर!"

दिनानाथराव भर पार्किंगमध्ये लहान पोरासारखे रडले. वॉचमनला वाटलं साहेबांना चक्कर आली.

त्या दिवसापासून रोज. पावणेपाचला विठाबाई तिला खाली आणायच्या. दिनानाथराव जुनी डब्याची पिशवी खांद्याला लावून गेटबाहेर जायचे, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत चालायचे आणि परत फिरायचे. अंगठीने वाजवायचे. मग "अहो". मग पंधरा-वीस मिनिटं तिच्या शेजारी बसून हेडबाईंची कुरबुर आणि हिमानीचा खोकला ऐकायचा. हिमानी म्हणजे त्यांची मुलगी. ती आता पुण्यात, तिचाच मुलगा कॉलेजात. गाडी हलवायची सोय नव्हती, हलली की कुमुद घाबरायची. आणि वर घरी गेलं की हे पुन्हा काका. चोवीस तासांत एक "अहो", तेवढंच. पण त्या एकावर दिनानाथराव उरलेला दिवस काढत होते.

म्हणून म्हटलं, सोमवारी तोंडचं पाणी पळालं.

त्या संध्याकाळी त्यांनी काय नाही केलं! सीट झाडली, सतरंजी घातली, कुमुदला बसवलं. पाचला दाराच्या पत्र्यावर वाजवलं. ती ढिम्म. पलीकडे जाऊन उजव्या काचेवर वाजवलं. ती काच मागे कधीतरी बदललेली; ठप असा आवाज आला आणि कुमुदने तिकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या काचेवर वाजवलं तर ती दचकून ओरडली, "कोण आहे मागे? चोर!" शेवटी समोर येऊन पुढच्या काचेवर वाजवलं. कुमुदने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "काका, काही हवंय का? आमचे हे यायचेत अजून."

मंगळवारी सकाळी नऊला दिनानाथराव स्वतः गाडी चालवत उल्हासनगरला निघाले. काचेच्या जागी प्लास्टिक चिकटवलेलं, ते वाऱ्याने फडफड फडफड वाजतंय, मागून रिक्षावाले हॉर्न मारून जीव खातायत. कॅम्प चारला परसूभाईंचं काचेचं दुकान होतं. उल्हासनगरात एखादी वस्तू मिळत नसली तर बनवून मिळते, तेव्हा फियाटची काच मिळणार यात दिनानाथरावांना शंका नव्हती. त्यांनी खिशातून कागद काढला. लांबी, उंची, तिरक्या बाजूचा कोन, जाडी पाच मिलिमीटर, रंग किंचित हिरवट, कडा घासलेल्या. जाडी त्यांनी रात्री काचेच्या कण्यांवर मोजली होती.

दुकानातला कारागीर संतोष, बदलापूरच्या हेंद्रेपाड्याचा, पंचेचाळिशीतला. त्याने कागद वाचला. "साहेब, काच पायजे का रॉकेट उडवायचंय?"

"जसं लिहिलंय तसं हवं. आणि आज हवं."

"आज पायजे तर लॅमिनेटेड घ्या. दोन काचा, मधी पापुद्रा. फुटली तरी सांडायचं टेन्शन नाय. इथंच कापतो, इथंच बसवतो."

"आधीची अशी नव्हती."

"आधीची टफन होती. ती आधी कापायची, मग भट्टीला पाठवायची. भट्टीतून आल्यावर तिला घासायचा दगड पण लावता येत नाय, लावला की खलास, साबुदाणा. त्यात चार-पाच दिवस जातील. बोला."

चार-पाच दिवस! दिनानाथरावांना पाच वाजलेले दिसत होते. "लॅमिनेटेड बसव," ते म्हणाले.

संतोषचं काम मात्र चोख. उजव्या काचेवर पुठ्ठा धरून आकार काढला, पुठ्ठा उलटा करून डावी काच कापली, दाराचं आतलं पॅड उघडलं, काच पट्टीत बसवली, हँडल फिरवून खालीवर केली. दिनानाथरावांनी टेप लावून, चष्मा पुसून, कडांवरून बोट फिरवून बघितलं. चूक नाही. "पास," ते म्हणाले. चौतीस वर्षांच्या सवयीने कागदावर टिकमार्कसुद्धा केली.

पाचला त्यांनी अंगठीने वाजवलं.

ठप ठप... ठप.

कुमुद वहीत बघत होती. त्यांनी पुन्हा वाजवलं, जोरात. ठप ठप. तिने मान वर केली, पण कपाळाला आठी होती. "काका, सारखं नका ना वाजवू. त्यांना यायला वेळ आहे."

दिनानाथरावांना आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. लांबी मोजली, जाडी मोजली, रंग जुळवला, आणि आवाज? जी एक गोष्ट हवी होती तेवढीच तपासायची राहिली! सोमवारी उजवी काच ठप वाजली होती, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. म्हणे इन्स्पेक्शन खातं!

रात्री हिमानीचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तसा आवाज मोबाइलवर शोधून लावून बघा ना."

"मोबाइल वाजवल्यावर ती मोबाइलकडे बघेल गं," ते म्हणाले. "माझ्याकडे कशाला बघेल?"

बुधवारी पुन्हा उल्हासनगर. संतोषने गाडी येताना बघितली आणि हात पुसत बाहेर आला. "काय झालं? गळतेय?"

"नाही. बदलायची आहे."

"का? कुठं चुकलं दाखवा. एक सूत इकडंतिकडं असेल तर मी धंदा सोडतो."

"आवाज बरोबर नाही."

संतोष हसला. "साहेब, काच बघायसाठी असते. आवाज ऐकायला डोअरबेल लावा ना!"

गल्ल्यावर बसलेले परसूभाई हिशेबातून डोकं वर करून ऐकत होते. दिनानाथराव आधी कानकोंडे झाले. परक्या माणसांपुढे बायकोचं काय सांगायचं? मग बोलायला लागले तसं सगळं सांगून टाकलं. गेट, वह्या, दोन लगेच, एक थांबून. आणि काका. 'काका' म्हणताना ते दुकानाच्या बोर्डाकडे बघू लागले. संतोषचं हसू कुठल्या कुठे गेलं.

परसूभाई उठले. आतून एका ताटलीत भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास घेऊन आले. "साईं, पहिले पापड खाओ, पाणी प्या. आपल्याकडे कोणी आला तर आधी पापड." दिनानाथरावांनी पापड मोडला. परसूभाई त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. "माझी अम्मा शेवटी मला तिच्या भावाच्या नावाने हाक मारायची. मी पण 'हां' बोलायचो. काय करणार? हाक मारते हेच बास होतं."

मग ते दिनानाथरावांना मागच्या गोदामात घेऊन गेले. भिंतीला टेकून काचाच काचा. फ्रिजच्या, टेबलांच्या, दुकानांच्या दारांच्या. "वाजवा," परसूभाई म्हणाले. दिनानाथरावांनी डोळे मिटले आणि एकेका काचेवर अंगठी वाजवत निघाले. चार मिलिमीटरची फार किणकिणली. सहाची जड वाजली. लॅमिनेटेडवर हात गेला की ते नुसती मान हलवायचे. कोपऱ्यात कुठल्याशा शोकेसचा एक टफन तुकडा होता. टिण.

दिनानाथराव तिथेच थांबले. पुन्हा वाजवलं. दोन लगेच, एक थांबून.

"ही," ते म्हणाले.

"पाच एमएम टफन," संतोष म्हणाला. त्याने तिथल्या तिथे पुठ्ठा घेतला. परसूभाईंनी भट्टीवाल्याला फोन लावला आणि सिंधीत असा काही झोडपला की सोमवारची तारीख शनिवारवर आली.

शनिवार! मधले दिवस कसे गेले ते दिनानाथरावांनाच माहीत. गुरुवारी कुमुद गाडीत बसली आणि दहाच मिनिटांत उठली. "इथे कशाला बसवलंय मला?" असं विठाबाईंना म्हणाली. शुक्रवारी तर खाली यायलाच तयार होईना. दिनानाथराव तिच्यासमोर खुर्चीत बसले. "कुमुद, पाच वाजत आले. फॅक्टरी सुटेल."

"कुठली फॅक्टरी?"

"ते यायचेत ना."

"कोण यायचंय?" तिने विचारलं.

इतके महिने ती त्यांना ओळखत नव्हती, पण त्यांची वाट तर बघत होती! वरच्या खोलीत काका होऊन वावरताना त्यांना तेवढा आधार होता, की हिच्या डोक्यात कुठेतरी एक दिनानाथ आहे आणि ही त्याची वाट बघतेय. आता वाट बघायचंच विसरली तर काच कोणासाठी बसवायची? त्या रात्री त्यांना कुमुद हवी होती. वह्या तपासणारी, कॉलनीला न जुमानणारी, त्यांच्यावर उगाच डाफरणारी. शेजारच्या पलंगावर ती झोपली होती आणि त्यांना तिची आठवण येत होती.

शनिवारी काच आली. संतोषने सकाळपासून दुसरं काम घेतलं नव्हतं. काच बसवली, आणि दाराच्या खाचेत कोरं करकरीत फेल्ट, म्हणजे काच ज्यात सरकते ती लोकरी पट्टी, तेही नवं घातलं. हँडल फिरवलं, काच लोण्यासारखी वर गेली. "वाजवा साहेब."

टक टक... टक.

"नाही," दिनानाथराव म्हणाले. "गोदामात वाजत होती. इथे का नाही वाजत?"

संतोषने कान काचेला लावला. एकदा नखाने वाजवलं, एकदा पान्याने. मग कपाळावर हात मारला. "च्यायला, मीच गळा धरलाय तिचा! नवीन फेल्टनी घट्ट पकडलीय, वाजणार कशी?"

"जुनं फेल्ट कुठंय?"

"भंगारात टाकलं सकाळीच."

मग काय विचारता! परसूभाईंच्या दुकानामागच्या भंगाराच्या गोण्या एकेक उलट्या झाल्या. संतोष, परसूभाई आणि इस्त्रीच्या शर्टातले दिनानाथराव, तिघं उकिडवे बसून चिंध्या, रबराचे तुकडे, सळ्या उचकत होते. तिसऱ्या गोणीत ते सापडलं. झिजलेलं, काळं, जागोजागी टक्कल पडलेलं फेल्ट. संतोषने ते झटकून पुन्हा खाचेत बसवलं. काच किंचित हलायला लागली.

दिनानाथरावांनी वाजवलं नाही. संतोषकडे बघून म्हणाले, "तू वाजव."

संतोषच्या बोटात तांब्याचं वळं होतं. टिण टिण... टिण. मग संतोष हळूच म्हणाला, "साहेब, रस्त्यात खडखडेल हां पण."

"खडखडू दे."

आणि खडखडली. अंबरनाथपर्यंत प्रत्येक खड्ड्याला खडखडली आणि प्रत्येक वेळी दिनानाथरावांना बरं वाटलं.

साडेचारला ते घरी पोचले. विठाबाई दारातच होत्या. "सायेब, बाई काय आयकत नायत. भिंतीकडं तोंड करून निजल्यात. मी दोनदा बोलले, खाली चला, तर बोलतान तूच जा."

दिनानाथराव आत गेले. कुमुद कुशीवर होती. "कुमुद, काच बसवली," ते म्हणाले. तिने चादर डोक्यावर ओढली. "राहू दे विठाबाई, जबरदस्ती नको," ते म्हणाले आणि तसेच खाली उतरले.

खाली येऊन करायचं काय? ते डब्याची पिशवी घेऊन गेटबाहेर गेले नाहीत. फियाटचं डावं दार उघडून तिच्या सीटवर बसले आणि काच वर केली. ऑफिसातून आलेली माणसं स्कूटर लावत होती, रंगारी परांचीवर चहा पीत होते, कंत्राटदार सेक्रेटरीशी वाद घालत होता. आवाज सगळे काचेपलीकडे राहिले. सीटवर तिची वही पडलेली होती. त्यांनी उघडून बघितली. पानं कोरी होती, फक्त मधूनमधून लाल पेनाने बरोबरच्या खुणा केल्या होत्या. कोऱ्या पानांवर!

पाच वाजून गेले. सव्वापाच झाले. किती वर्षं ही बाई अशी बसली असेल, दिनानाथरावांच्या मनात आलं. रोज अर्धा तास. आणि आपण हात हलवत बाहेर यायचो, वर "चौक जाऊ दे" म्हणायचो. त्यांना इतकं भरून आलं की ते मोठ्याने म्हणाले, "कुमुद, किती उशीर गं!" म्हटलं आणि मान खाली घालून वहीकडे बघत बसले.

टिण टिण... टिण.

त्यांनी मान वर केली नाही. कानात वाजलं असेल, आठवडाभर दुसरं काय वाजत होतं? मग पुन्हा. दोन लगेच, एक थांबून.

काचेबाहेर कुमुद उभी होती. घरातली साडी, केस विस्कटलेले, एका हातात विठाबाईंची भाजीची रिकामी पिशवी, दुसऱ्या हाताची बांगडी काचेला टेकवलेली. तिच्यामागे विठाबाई धापा टाकत होत्या. "येकदम उठल्या आणि निघाल्या ना सायेब! पिशवीच घेतली माजी खेचून!"

काचेतून ती त्यांच्याकडे बघत होती, त्यांच्या मागे नाही, पलीकडे नाही. ते आडवे झाले, हात लांब केला आणि उजव्या दाराचा आतला खटका काढला. रविवारचा बाजार सोडला तर हे काम तिचं होतं.

कुमुद गाडीला वळसा घालून आली, स्टिअरिंगसमोर बसली, पिशवी मागे टाकली. "अहो, वांगी बघत होते," ती म्हणाली. "एक धड नव्हतं मेलं. कंटाळलात?"

"नाही," दिनानाथराव म्हणाले. "आत्ताच आलो."

तिने पदर खोचला, आरसा जरा तिरका केला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. किल्ली दिनानाथरावांच्या खिशात होती, ती तिने मागितली नाही. परांचीवरचे रंगारी बघत होते. सेक्रेटरी वाद सोडून बघत होता. स्कूटरवाले थांबले होते. सगळी सोसायटी बघत होती म्हणा ना. कुमुदनेही बाहेरच्या त्या माणसांकडे एकदा बघितलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "अहो, मीच नेऊ का? की चौक जाऊ दे?"

"चौक गेला खड्ड्यात," दिनानाथराव म्हणाले. "ने. इथूनच ने."

कुमुद हसली. "मग काच खाली घ्या. वारा लागू दे."

त्यांनी हँडल फिरवलं. काच खडखडत खाली गेली.